पांढरे ठिपके

आमच्या घरीं समुद्र आला त्यास आतां चार महिने झाले. तो पुड्यांतून आला. शंभर लिटर गाळलेल्या पाण्यांत साडेतीन किलो मीठ विरघळविलें कीं पुण्यांतल्या तिसऱ्या मजल्यावरहि समुद्र तयार होतो, हें आम्हांस आमच्या कन्येनें दाखवून दिलें. हें मीठ स्वयंपाकाचें नव्हे. समुद्राच्या पाण्यांत जे क्षार असतात ते त्याच प्रमाणांत एकत्र करून तें बनविलेलें असतें. काचपेटींत पाणी, वाळू आणि एका मित्राच्या जुन्या पेटींतून आणलेला एक दगड एवढेंच घालून तिनें सहा आठवडे वाट पाहिली. मासे केव्हां येणार, असें आम्ही रोज विचारीत असूं. "बाबा, आधीं जंतूंचा संसार बसूं द्या," हें तिचें ठरलेलें उत्तर. माशांच्या मलमूत्रांतून निघणारा अमोनिया हें विषच. एका जातीचे जंतु त्याचें नायट्राइट करतात, दुसरे त्याचें नायट्रेट करतात, आणि हें दुहेरी बिऱ्हाड स्थिर झाल्यावांचून पाण्यांत मासा जगत नाहीं. बिऱ्हाड स्थिर झालें. मग नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन क्लाऊन मासे आले, तांबडी-पांढरी एक कोळंबी आली, एक गोगलगाय आली. आणि हें सारें मांडून देऊन आमची कन्या पुढील शिक्षणासाठीं जर्मनीस निघून गेली.

जातांना तिनें आमच्या हातीं दिलेल्या कागदावर सतरा सूचना होत्या. पहिलीच अशी कीं, पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाहीं. सबब उणें झालेलें पाणी भरावयाचें तें गोडेंच भरावें. तीस वर्षे इंग्रजी वाङ्मय शिकविलेल्या माणसास ही गोष्ट लिहून द्यावी लागावी, याचा आम्हांस किंचित् राग आला. दुसऱ्याच आठवड्यांत आम्ही पेटींत खारें पाणी ओतण्याच्या बेतांत असतांना आमच्या पत्नीनें आमचा हात धरला, हेंहि येथें नमूद केलें पाहिजे. परंतु पेटी आम्हांस मोलाची वाटे ती वेगळ्याच कारणानें. मुलगी मोठी झाल्यापासून तिच्याशीं बोलावयास आम्हांस विषय पुरत नसे. प्रकृति, हवा, जेवण एवढें विचारून झालें कीं आम्ही दूरध्वनि तिच्या आईच्या हातीं देऊन मोकळे होत असूं. आतां मात्र रविवारीं ती प्रथम आम्हांसच बोलावी, आणि मासे खातात कसे, कोळंबीनें कात टाकली कीं नाहीं, वाळूवर तपकिरी शेवाळ आलें काय, यांत अर्धा तास केव्हांच निघून जाई. पेटी बुडाली असती तर हा अर्धा तास बुडाला असता.

अशा स्थितींत एके सकाळीं काचेच्या आंतल्या बाजूस पांढरे ठिपके दिसले. मोठे ते खसखशीच्या दाण्याएवढे, बाकीचे त्याहून बारीक. प्रथम बारा-पंधरा होते. आठ दिवसांत शेंकडों झाले. आमचें पहिलें निदान चुना हें होतें. विंधनविहिरीच्या पाण्यानें पातेल्यास जो पांढरा थर धरतो तो पुण्यांत कोणास ठाऊक नाहीं? शास्त्रीय पद्धतीनें खात्री करावी म्हणून आम्ही एक ठिपका खरवडून बशींत घेतला आणि त्यावर व्हिनेगरचा थेंब टाकला. लागलीच बारीक बुडबुडे आले! रसायनशास्त्रानें आमच्या बाजूनें कौल दिला म्हणून आम्ही दोन दिवस समाधानांत होतों. तिसऱ्या दिवशीं रात्रीं विजेरीच्या उजेडांत पाहतों तों त्यांपैकीं कांहीं ठिपके काचेवरून टुणटुण उड्या मारीत चालले होते. चुना चालत नाहीं, एवढें रसायनशास्त्र आम्हांसहि येतें.

मग भीतीनें वाचन सुरू झालें. आणि भीतीनें केलेल्या वाचनांत मनुष्यास जें सांपडावयाचें तेंच सांपडतें. खाऱ्या पाण्यांतल्या माशांस एका सूक्ष्म परोपजीवी जंतूपासून 'इक' नांवाचा रोग होतो. अंगावर मीठ भुरभुरावें तसे पांढरे ठिपके उठतात. कांहीं दिवसांनीं तो जंतु माशाला सोडून खालीं पडतो, स्वतःभोंवतीं कोश करतो, आणि त्या कोशांतून शेंकडों पिलें नव्या माशाच्या शोधांत बाहेर पडतात. शेंकडों! आमच्या काचेवरहि शेंकडोंच होते. ज्या दुकानांतून मासे आणले होते तेथें विचारलें, तर आमचें वाक्य पुरें होण्यापूर्वींच पलीकडून उत्तर आलें: "सर, व्हाइट स्पॉट! तांब्याचें औषध घाला, दुसरें कांहीं नाहीं." संध्याकाळपर्यंत बाटली घरीं आली.

बाटलीवरील अक्षर इतकें बारीक होतें कीं, मोल्सवर्थच्या कोशासाठीं जें बहिर्गोल भिंग आम्ही मेजाच्या खणांत ठेवतों तें काढावें लागलें. त्या भिंगांतून वाचलें तें असें कीं, पाठीचा कणा नसलेले प्राणी ज्या पेटींत असतील तींत हें औषध घालूं नये. कोळंबीस कणा नाहीं. गोगलगाईस नाहीं. टोपण आमच्या हातांत होतें. पत्नी म्हणाली, "आधीं तिला विचारा ना." जर्मनींत तेव्हां दुपार होती.

कन्येनें छायाचित्र मागितलें. आम्ही पाठविलेल्या चित्रांत आमचा चष्मा व छताचा पंखा मात्र उत्तम आले होते. तेव्हां तिनें प्रश्न विचारले, आणि ते प्रश्न दुकानदारास सुचले नाहींत, आम्हांसहि सुचले नाहींत, याचें आम्हांस अद्याप वाईट वाटतें. ठिपके माशांच्या अंगावर आहेत कीं काचेवर? मासे खातात का? दगडाला अंग घासतात का? काचेवरचे ठिपके सगळेच हलतात, कीं कांहीं हलतात आणि कांहीं चिकटून आहेत? चिकटलेले गोल आहेत कीं वळणाचे? पहिल्या तिन्हींचीं उत्तरें सोपीं होतीं आणि दिलासा देणारीं होतीं. "रोग असता तर माशांवर दिसला असता, बाबा, त्याचे कोश बहुतेक वाळूंत पडतात आणि ते नुसत्या डोळ्यांना असे दिसत नाहींत." शेवटच्या दोन प्रश्नांस मात्र उत्तर नव्हतें. आठ दिवस आम्ही ठिपक्यांची धास्ती घेतली होती. ठिपके पाहिले नव्हते.

मोल्सवर्थचें भिंग हातांतच होतें. उड्या मारणारे ठिपके म्हणजे लांबट थेंबाच्या आकाराचे चिमुकले कवचधारी जीव निघाले. पुढें मिशा, मागें दुभंगलेली शेपटी. कोपेपॉड यांचें नांव. कोळंबीचे हे दूरचे आप्त माशांचें आवडतें खाद्य असून ते पेटींत होणें हें पेटी जगूं लागल्याचें लक्षण मानतात. वरच्या कांठावरील ठिपके केवळ सुकलेल्या मिठाचे होते. ओल्या फडक्यानें गेले. पण जे चिकटून होते, ज्यांस आम्ही चुना ठरविलें होतें, त्यांतला प्रत्येक ठिपका म्हणजे वेटोळें घातलेली एक पांढरी नळी होती, आणि नळीच्या तोंडाशीं पिसासारखा बारीक तुरा हलत होता. काचेस टिचकी मारतांच तुरा आंत गेला. आम्ही श्वास रोखून बसलों. मिनिटाभरानें तो पुन्हा बाहेर आला. मग शेजारचा आला, मग त्याच्या पलीकडचा. आणि बघतां बघतां त्या सगळ्या चुन्यास पिसारे फुटले. हे स्पायरॉर्बिसच्या कुळांतले कृमि होत. स्पायरॉर्बिस हें नांव दोदँ या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८०० सालीं दिलें. लॅटिनमध्यें त्यांत वेटोळें आणि वर्तुळ हे दोन्ही शब्द आहेत. तुऱ्यानें पाणी गाळून हे पोट भरतात, कोणास उपद्रव देत नाहींत, आणि जुन्या पेटींतल्या त्या दगडाबरोबर आमच्याकडे आले असावेत. त्यांची नळी कॅल्शियम कार्बोनेटची, म्हणजे चुन्याचीच असते. त्यामुळें व्हिनेगर खोटें बोललें नव्हतें. घर कशाचें आहे एवढेंच त्यास विचारलें होतें. घरांत कोण आहे हें आम्ही विचारलेंच नाहीं.

त्या रात्रीं भिंग घेऊन बसलों असतां आम्हांस एडमंड गॉस आठवला. तोरू दत्तांच्या १८८२ च्या काव्यसंग्रहास प्रस्तावना लिहिणारा, सरोजिनी नायडूंना सल्ला देणारा टीकाकार म्हणून आम्ही त्यास ओळखतों, आणि १९०७ सालचें त्याचें 'फादर अँड सन' आम्ही कैक वर्षे शिकविलें. त्यांतला बाप म्हणजे निसर्गशास्त्रज्ञ फिलिप हेन्री गॉस. इंग्लंडच्या किनाऱ्यावरील खडकांच्या डबक्यांतून जीव वेंचणारा, १८५४ सालीं 'द ॲक्वेरियम' हें पुस्तक लिहून काचेंतल्या समुद्राचें वेड घरोघर पोंचविणारा, आणि धर्माच्या बाबतींत मुलास घुसमटवून टाकणारा. वर्गांत आम्ही नेहमीं मुलाची बाजू घेतली. म्हातारा गॉस आमच्या व्याख्यानांत एक हटवादी भाविक म्हणूनच येई. ओंजळभर पाण्यावर वांकून तो तास न् तास काय पाहत असेल, याचा विचार आम्ही कधीं केला नव्हता. मुलगा मात्र त्या डबक्यांपाशीं बापाच्या शेजारीं उभा होता, आणि पुढें बापाशीं बिनसलें तरी त्या डबक्यांविषयीं त्यानें प्रेमानेंच लिहिलें, हें आतां पुस्तक पुन्हा उघडल्यावर आमच्या नजरेस आलें.

तांब्याचें औषध दुकानानें परत घेतलें नाहीं. तें कपाटांत वरच्या फळीवर आहे.

पुढल्या रविवारीं आम्ही पिसाऱ्यांचें वर्णन केलें. त्यांत अर्ध्याऐवजीं पाऊण तास गेला. कन्येनें सांगितलें कीं, यांचीं वेटोळीं कांहींचीं उजवीं तर कांहींचीं डावीं असतात, आणि जाति ठरवितांना तें पाहतात. तेव्हां आमचीं कोणतीं? आम्ही भिंग घेऊन चाळीस मोजलीं आणि परत येऊन मोठ्या अभिमानानें सांगितलें कीं, सर्व उजवीं.

"तुम्ही काचेच्या बाहेरून पाहतां ना, बाबा?"

"अर्थात्."

"ते आंतून चिकटलेत. म्हणजे तुम्ही त्यांना तळाकडून पाहतां. उलट धरा."

आम्ही उलट धरलें. मग न राहवून पुन्हा उठलों, दगडावर समोरून दिसणारा असा एखादा सांपडतो का तें पाहावयास. आणि ती पलीकडे थांबून राहिली.