टॅक पुरा झाला होता

अमरावतीच्या दिवाणी न्यायालयात शिरस्तेदार म्हणून ज्यांची सारी हयात गेली अशा गृहस्थांचा मी मुलगा असल्यामुळे, पुराव्याचा भार कोणाच्या शिरावर असतो, साक्षीदार दाराशी हजर असता त्याची जबानी घेतल्यावाचून निकाल देता येतो की नाही, आणि पक्षकाराचे गाव कोणते याची चौकशी कितपत प्रस्तुत ठरते, या गोष्टी मला फार लहानपणीच ठाऊक झाल्या होत्या. आणि म्हणूनच १९९५ च्या जानेवारीत, मुंबई बंदरातील शिडाच्या बोटींच्या एका शर्यतीनंतर, एका क्लबाच्या मागल्या खोलीत माझ्याविरुद्ध जो निवाडा झाला, तो तीस वर्षे लोटली तरी मनातून जात नाही. बक्षीस गेले याचे दुःख मला नव्हते. बक्षीस म्हणजे मुलामा दिलेला एक पेला होता, आणि तसले पेले बाजारात मिळतात.

मी मुंबईस कसा गेलो आणि बोटीत कसा बसलो हे विस्ताराने सांगण्यात हशील नाही. बदली झाली, कचेरीतल्या एका सहकाऱ्यास शनिवारी बोटीवर जोडीदार हवा होता, मला पोहता येत होते. आईने गावाहून पत्रात लिहविले, ‘पान्यात कायले जातं रे?’ आणि त्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मी तिला अखेरपर्यंत देऊ शकलो नाही. दोन-तीन हंगामांनंतर सुकाणू माझ्या हाती आले आणि जोडीदार म्हणून थळचा एक कोळी तरुण लाभला. आमची बोट एंटरप्राइज जातीची, म्हणजे जॅक होल्ट या इंग्रज आरेखकाने १९५६ साली काढलेली, सव्वातेरा फूट लांबीची, दोघांनी चालवायची आणि निळ्या शिडांची होती.

आता प्रसंग. शिडाची बोट थेट वाऱ्याच्या तोंडावर जाऊ शकत नाही. तिला नागमोडी जावे लागते, आणि एका अंगावरून दुसऱ्या अंगावर वळण्याच्या क्रियेला टॅक म्हणतात. वारा जिच्या उजव्या अंगावरून येतो तिला मार्गाचा हक्क. डाव्या अंगावरून येतो तिने बाजूला व्हावे. त्या दुपारी वायव्येचा खारा वारा चांगला भरला होता, ओहोटी लागली होती, आणि बंदरातील मिडल ग्राऊंड बेटाच्या अलीकडे आम्ही डाव्या अंगाच्या वाऱ्यावर असता, क्लबातील एका जुन्या आणि वजनदार सभासदांची बोट उजव्या अंगाच्या वाऱ्यावर आमच्या रोखाने आली. तिच्या पुढून निसटण्याइतके अंतर नव्हते, म्हणून मी तिच्या पुढे आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूस टॅक घेतला. आमची बोट वळली, दोन्ही शिडे भरली, जोडीदाराने जिबची, म्हणजे पुढल्या लहान शिडाची, दोरी आवळून अडकविली, आम्ही दोघे वरच्या काठावर जाऊन बसलो, आणि त्यानंतर, ‘त्यानंतर’ या शब्दावर माझा आजही जोर आहे, त्यांच्या बोटीचे नाक आमच्या मागल्या कोपऱ्यास लागले. वळून झालेल्या बोटीस मागून किंवा वरच्या बाजूने येणाऱ्याने धक्का देऊ नये हा नियम. परंतु वळण अपुरे असता धक्का लागला तर दोष वळणाऱ्याचा. सारा कज्जा म्हणून एवढ्याच मुद्द्यावर येऊन ठेपला, की टॅक पुरा झाला होता की नव्हता.

संध्याकाळी त्यांनी तक्रार गुदरली. खोलीत हिरव्या बनातीचे मेज, त्यावर लाकडाच्या बोटभर लांबीच्या रंगीत होड्या, आणि वारा दाखविण्यासाठी ठेवलेली एक शिसपेन्सिल. माझ्या वाट्याला आलेल्या पिवळ्या होडीची डोलकाठी मोडून तिथे काड्यापेटीतील काडी खोचलेली होती. तीन पंच बसले. सभासदांनी दोन होड्या एकमेकींस जवळजवळ चिकटवून ठेवल्या; मी माझी पाळी येताच त्या दोन बोटींच्या अंतरावर नेल्या; अध्यक्षांनी त्या पुन्हा जवळ आणल्या आणि म्हणाले, ‘साधारण असे धरू.’ हे ‘साधारण’ कोणत्या पुराव्यावरून, ते मी विचारले. उत्तर मिळाले नाही. उलट एक पंच मला विचारते झाले की आपण मूळचे कुठले. मी म्हटले, अमरावतीचा. तेव्हा ते शेजाऱ्याकडे वळून सौम्यपणे हसले आणि म्हणाले, ‘तिकडे पाणी कुठे आहे?’

हा प्रश्न मी विसरलो असतो. परंतु शर्यतीत दिशादर्शक बोया टाकणाऱ्या लाँचचा तांडेल, ज्याचा जन्म पाण्यावर गेला आणि ज्याची लाँच त्या क्षणी आमच्यापासून हाकेच्या अंतरावर उभी होती, तो आपण होऊन खोलीबाहेर येऊन उभा होता. ‘साहेब, तुमची बोट पडली होती त्या अंगावर, शिडं भरली होती, मी बघितलंय,’ असे त्याने मला धक्क्यावरच सांगितले होते. मी त्याची साक्ष घेण्याची विनंती केली. अध्यक्ष म्हणाले, त्याला शर्यतीचे नियम ठाऊक नाहीत. मी म्हटले, नियम आपणांस ठाऊक आहेत, त्याने फक्त काय पाहिले ते सांगायचे आहे. तेव्हा त्या काळच्या नियमपुस्तकातील एक कलम मला वाचून दाखविण्यात आले: टॅक नियमानुसार पुरा केला हे सिद्ध करण्याची जबाबदारी टॅक करणाऱ्यावर. ठीक, जबाबदारी माझी. पण ज्या पुराव्याने मी ती पार पाडणार तो तर दाराबाहेर टोपी हातात घेऊन उभा आहे! जबाबदारी टाकायची आणि साधन काढून घ्यायचे, ही तऱ्हा आमच्या वडिलांच्या कचेरीत एखाद्या उमेदवार कारकुनालाही शोभली नसती. समोरच्या बोटीवरील दुसऱ्या इसमाची, म्हणजे सभासदांच्या पुतण्याची, जबानी मात्र सविस्तर घेतली गेली. माझ्या जोडीदारास एकच प्रश्न विचारला, तोही इंग्रजीत, आणि तो उत्तर जुळवीपर्यंत अध्यक्षांनी घड्याळ पाहिले. निकाल: आमची बोट बाद. कारणांत एक वाक्य असे, की सुकाणू अल्पानुभवी इसमाच्या हाती होते.

दोन वर्षांनी, १९९७ च्या नव्या नियमावलीत, पुराव्याच्या भाराचे ते कलम गाळले गेले. मला ते कळले तेव्हा मी एकटाच मोठ्याने हसलो आणि नंतर फार चिडलो.

बाहेर आलो तेव्हा तांडेल म्हणाला, ‘जाऊ द्या साहेब, पाण्याला माहीत आहे.’ असल्या वाक्यांनी ज्यांचे समाधान होते त्यांचा मला हेवा वाटतो. पाण्याला काही माहीत नसते.

पुढच्या हंगामात मी टॅकचा ध्यास घेतला, तो सुधारणेच्या उदात्त हेतूने नव्हे, तर ‘साधारण’ म्हणण्यास कोणाला जागाच राहू नये या हट्टाने. नौदलातून निवृत्त झालेले एक मराठी पेटी ऑफिसर आम्हांस शिकवीत. त्यांची रीत अशी, की नांगरलेल्या बोटींच्या गर्दीत नेऊन सोडायचे आणि दर दहा-बारा लांबीवर वळायला लावायचे. मग सुकाणू दोरीने मध्यभागी बांधून टाकायचे आणि केवळ शिडांच्या दोऱ्यांनी व शरीराच्या भाराने बोट हाकायला सांगायचे. मग रिकामा कॅन पाण्यात भिरकावून ‘माणूस पडला’ म्हणून ओरडायचे. टॅक घेताना नवशिका सुकाणूचा दांडा झटक्याने लोटतो, आणि पाण्यात आडवे झालेले सुकाणूच बोटीचा वेग खाऊन टाकते. दांडा प्रारंभी हळू, बोट वाऱ्यासमोर येताना अधिक; जिब फडफडेपर्यंत जोडीदाराने दोरी सोडायची नाही; दोघांनी बूमखालून, म्हणजे मोठ्या शिडाच्या आडव्या दांड्याखालून, एकाच वेळी पलीकडे जायचे, आणि किंचित कललेली बोट भाराने सपाट करायची, की तिला पुढे एक हिसका मिळतो. ‘वारा दिसत नाही म्हणता? पाणी कुठं काळं पडलंय ते बघा,’ असे ते दर वेळी म्हणत. वाऱ्याचा झोत येण्यापूर्वी पाण्यावर जो गडद पट्टा सरकत येतो तो वाचता येऊ लागला, त्या दिवशी मला खरोखर आनंद झाला. त्या आनंदाचे श्रेय त्या तीन पंचांना द्यावे असे काही स्नेही सुचवितात. मी ते देणार नाही.

शर्यतींविषयी माझे मत तेव्हा फार कडू झाले होते. शर्यतीने मनुष्य भांडखोर होतो, सव्वातेरा फुटांत बसून कोर्टकचेरीची भाषा बोलू लागतो, असे मी सर्वांस सांगत असे, आणि थोर उदाहरणे देत असे. मुंबईत सागवानाची बांधलेली, बत्तीस फुटांची ‘सुहैली’ घेऊन रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६८ साली एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या शर्यतीत निघाले. त्या स्पर्धेत नऊ जण उतरले आणि परत पोचले ते एकटेच, १९६९ च्या एप्रिलात. ती शर्यत होती खरी, पण जिंकली ती टिकून राहण्याने. पुढे आपल्या दिलीप दोंदे यांनी गोव्यात बांधलेल्या ‘म्हादई’वरून २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅन्ली आणि केप टाऊन एवढेच त्यांचे मुक्काम. त्या मोहिमेची प्रेरणा देणारे निवृत्त व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी हे राहत होते फलटण तालुक्यातील विंचुर्णी या गावी, जिथून समुद्र दिसण्याचा काही प्रश्नच नाही. ‘तिकडे पाणी कुठे आहे?’ हे त्यांना विचारण्याची छाती त्या पंचांची झाली असती काय?

परंतु नुसती भटकंती करणाऱ्यांबरोबर जाऊ लागलो, तेव्हा माझे हे मत डळमळले. एका मित्राच्या जुन्या कील बोटीतून आम्ही मुरूडकडे निघालो होतो. ओहोटीबरोबर बंदराबाहेर, प्रॉंग्सचा दीपस्तंभ टाळून, खांदेरी-उंदेरी बेटांच्या बाहेरून, रात्री रेवदंड्याच्या खाडीत शिरावे असा बेत. मित्र समुद्रावरचा अत्यंत शहाणा मनुष्य. पण त्याची शिडे नेहमी ढिली, टॅक असा की मध्येच बोट उभी राहावी, आणि अडचण आली की इंजिन. खाडीच्या तोंडाशी कोर्लईच्या किल्ल्याखाली पोचलो तो अंधार पडला, खाडीतून ओहोटीचे पाणी जोराने बाहेर येत होते, आणि इंजिन सुरू होईना. मी टॅकमागून टॅक घेत आत शिरण्याचा आग्रह धरला. तो शांतपणे म्हणाला, ‘नांगर टाकू या, भरती लागू दे.’ आम्ही चहा केला आणि थांबलो. शर्यतीत वाढलेल्या माणसाला थांबणे हा पराभव वाटतो. भटक्याला ते वेळापत्रक असते. भरती लागल्यावर मात्र वाट अरुंद, वारा तोंडावर, आणि दोन्ही बाजूंस डोल जाळ्यांचे खुंट अंधारात उभे, तेव्हा सुकाणू त्याने मुकाट्याने माझ्या हाती दिले. तिथे ‘साधारण’ म्हणणारे कोणी नव्हते. खुंट होते, आणि टॅक वेळेत पुरा झाला नसता तर त्यांनी तसे कळविले असते. म्हणून हल्ली मला कोणी विचारले तर मी सांगतो, की एक हंगाम आपल्याहून चांगल्या माणसाचा जोडीदार म्हणून शर्यती कराव्यात, मग एक हंगाम किनाऱ्याकिनाऱ्याने भटकावे, आणि शिकविणारा मिळेल तेव्हा इतर सारे सोडून शिकावे. कोणी ऐकत नाही. सर्वांना प्रथम सुकाणू हवे असते. आणि खरेच सांगायचे तर तो पेला मला हवा होता.

निवृत्तीनंतर अमरावतीस परतलो. पाणी कुठे आहे? मोर्शीजवळ सिंभोऱ्याला वर्धा नदीवर ऊर्ध्व वर्धा धरण आहे, तेरा दरवाजांचे, १९९३ साली पुरे झालेले, म्हणजे माझ्या निवाड्याच्या आधीच. त्याच्या जलाशयाला नल-दमयंती सागर असे नावही आहे. अकोल्याची तहान भागविणारे काटेपूर्णेचे धरण महान येथे आहे. खारे पाणीच हवे असेल तर पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्ट्यातील कोणत्याही विहिरीत पोहरा सोडावा! भोपाळच्या मोठ्या तलावावर शिडांची राष्ट्रीय शाळा चालते. हैदराबादच्या हुसेनसागरावर दर पावसाळ्यात शर्यती भरतात आणि सामान्य घरांतील मुले त्यांत पदके मिळवितात. वऱ्हाड एकेकाळी कागदोपत्री त्याच हैदराबादच्या निजामाचा मुलूख होता. तेवढे तरी साम्य उपयोगी पडावे.

नल-दमयंती सागरावर चार-दोन लहान बोटी आणि एक शिक्षक ठेवावा अशा आशयाचा अर्ज मी एका कचेरीत केला. तेथील अधिकारी सज्जन होते. त्यांनी मला २०२१ च्या सप्टेंबरातील दुर्घटनेची आठवण करून दिली. वरूड तालुक्यात झुंज येथे वर्धेच्या पुरात नाव उलटून अकरा माणसे बुडाली होती. ‘काका, उद्या काही झालं तर फाईलवर सही कोणाची, ते विचारतील,’ ते म्हणाले. मी त्यांना सांगितले की अंगावर जीवरक्षक जाकीट असणे, नाव किती जणांची हे मोजणे, आणि उलटलेली नाव धरून राहणे, एवढेच तर पहिल्या आठवड्यात शिकवितात. भीती आहे म्हणूनच शिकवावयाचे. हे बोलताना मी बराच जोरात बोललो. परंतु झुंजची छायाचित्रे ज्या आठवड्यात वर्तमानपत्रात पाहिली होती त्या आठवड्यात मी माझ्या नातवाला वडाळीच्या तलावाजवळही नेले नव्हते, हेही खरे.

अर्ज विचाराधीन आहे. दरम्यान मुंबईच्या एका ओळखीच्याकडून जुनी एंटरप्राइज स्वस्तात मिळते आहे. तळाचा प्लाय एका ठिकाणी कुजला आहे, तो बडनेऱ्याच्या एका सुताराकडून बदलून घेता येईल. अडचण आहे ती डोलकाठीची. ट्रान्सपोर्टवाला म्हणतो ती ट्रकाच्या मागे बाहेर निघेल, तांबडे फडके बांधावे लागेल आणि भाडे पूर्ण ट्रकाचे पडेल. मी म्हणतो, अर्ध्या ट्रकाचे. फोनवर त्याने मला विचारले, ‘काकाजी, हे सामान आहे तरी काय?’ मी सांगितले. यावर त्याने जो प्रश्न विचारला तो वाचकांच्या लक्षात आलाच असेल. भाडे मात्र त्याने अजून कमी केलेले नाही.