वढतंस काय बघतंस?

गणपतीच्या आदल्या आठवड्यात वल्लभनगरच्या एसटी स्टँडवर उभं राहिलं की पिंपरी-चिंचवड कोणाकोणाचं आहे ते कळतं. तिथं एक जण फोनवर ओरडत होता. पायात सेफ्टी शूज, गळ्यात कंपनीचं आयकार्ड. "माटयेक कवंडाळां गावली काय रे? नाय? मगे वर्सभर काय करी होतंस, मेल्या?"

वर्षभर! कवंडळं रानात लागतात पावसाळ्यात, हे त्यालाही ठाऊक असणार. पण गणपतीच्या डोक्यावर बांधलेल्या माटीत ती नारिंगी फळं लोंबली नाहीत, तर चाकणच्या लाइनीवरून चाकाचा एक नट न लावताच गाडी बाहेर पडल्यासारखं वाटत असेल त्याला.

आम्हा घाटावरच्यांना पहिल्यांदा 'मेल्या' ऐकलं की धक्का बसतो. मला तो मालवणात, दांडीच्या किनाऱ्यावर बसला. सकाळची वेळ, समोर पाण्यात सिंधुदुर्ग. रापण लागली होती. होडी जाळं सोडत सोडत अर्धा फेरा मारून परत आलेली, आणि जाळ्याच्या दोन्ही टोकांचे दोर धरून दोन रांगा उलट्या पावलांनी मागं सरकत होत्या. शेवटचा माणूस दोर सोडायचा, पळत पाण्यात जायचा, सगळ्यांच्या पुढं पुन्हा धरायचा. मी फोटो काढत होतो. "मेल्या, वढतंस काय बघतंस?" रांगेतला एक म्हातारा खेकसला. धरला दोर. ओला, खारट, वाळूनं खरखरीत. थोड्या वेळात तळवे सोलवटले.

"खंयसून इलंस?"

पिंपरी-चिंचवड म्हटल्यावर तो एकदम मऊ झाला. "आमचो झील थंयच आसा. चाकणाक, गाडयेच्या कंपनीत." मग माझ्या हातांकडे पाहून, "हय वढूक कोण ऱ्हवतलो?"

दोन्ही रांगा हळूहळू एकमेकींजवळ आल्या. वर घारी घिरट्या घालायला लागल्या, टोपल्या घेतलेल्या बायका पाण्याच्या कडेला येऊन थांबल्या. जाळ्याचं पोट वाळूवर आलं तेव्हा सगळे वाकले. पेडवे पुष्कळ, बांगडे बोटांवर मोजण्याइतके, एक प्लास्टिकची बाटली. म्हातारा कमरेवर हात ठेवून बघत राहिला. "पर्ससीनवाले भायरच उचलतत. हय काय गावतला?" पुढचं वाक्य छापण्याजोगं नव्हतं, मच्छिंद्र कांबळींचं 'वस्त्रहरण' पाहिलेल्यांनी आपापलं भरून घ्यावं. बायकांनी तोवर घासाघीस सुरू केली होती. वाळूवर वाटे पडले. मी निघालो तर त्यानं ओंजळभर पेडवे पिशवीत कोंबले. "घे रे. वढलंस मा?"

मजुरी म्हणून मिळालेल्या कुठल्याच पैशानं मला इतका आनंद दिलेला नाही.

त्याच किनाऱ्यावर मोरयाचा धोंडा आहे. सिंधुदुर्ग बांधायला घेताना, १६६४ मध्ये, शिवाजी महाराजांनी तिथं पूजा केली असं सांगतात. त्याच्या चारच वर्षं आधी चाकणच्या संग्रामदुर्गात फिरंगोजी नरसाळा शाइस्तेखानाच्या फौजेला दोनेक महिने झुंजवत होता. चाकणचा किल्ला जमिनीवर, सिंधुदुर्गाभोवती समुद्र. मालवणला जाणारे हजारो. चाकणात रोज कामाला येणाऱ्या किती जणांनी संग्रामदुर्ग पाहिला असेल, शंकाच आहे. जाता-येता दिसतो तो ट्रकांचा खोळंबा.

तारकर्लीत पाण्याखाली जाऊन मासे बघण्याचं मला फारसं कौतुक नाही. मासा ताटात बघावा. पण आमच्याकडे 'मालवणी'च्या पाटीखाली मिळते ती लालभडक तर्री, वर तेलाचा तवंग. मालवणी जेवण म्हणजे नुसता तिखटजाळ ही समजूत कोणी पसरवली कोण जाणे. नारळ कुठं गेला? बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं कुठं आहेत? एका हॉटेलवाल्याला विचारलं, तर म्हणाला, "साहेब, गिऱ्हाईक चुकून चावतं, मग जीभ बधिर झाली म्हणून भांडतं."

होऊ दे की बधिर.