दिल्ली दरवाजाकडची वाट

परतवाडा सोडून गाडी धामणगाव गढीच्या पुढे घाटाला लागली, की वऱ्हाडचं काळं सपाट रान मागे पडतं. कपाशी आणि संत्र्याच्या बागा संपतात. साग, मोह, तेंदू, बांबू सुरू होतात. हा मेळघाट, १९७३ साली देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ अभयारण्यांपैकी एक.

घाटमाथ्यावरच्या चिखलदऱ्याला आलेले बहुतेक पर्यटक भीमकुंड आणि दोन-चार पॉइंट पाहून परततात. पायांत बळ असलेल्याने मात्र जवळचा गाविलगड चालून पाहावा. इतिहासकार फरिश्त्याच्या नोंदीनुसार अहमदशहा बहामनीने १४२५ मध्ये बांधलेला हा गड पुढे अचलपूरच्या इमादशाहीने वाढवला. शार्दूल दरवाजावरचा दोन डोक्यांचा गंडभेरुंड पाहताना पाय आपोआप थबकतात.

खरी गोष्ट आहे ती इथल्या वाटांची. डिसेंबर १८०३. गड तेव्हा रघूजी भोसल्यांचा होता. त्यांच्याविरुद्धची अडगावची लढाई जिंकून इंग्रज सेनानी आर्थर वेलस्ली अचलपुरास आला होता. पुढे वॉटर्लूमुळे जगाला ठाऊक झालेला वेलिंग्टन तो हाच. दक्षिणेकडून गड सरळ उभा, तिथे जड तोफा चढेनात. म्हणून त्याच्या सोबतच्या कर्नल स्टीव्हन्सनची फौज ७ डिसेंबरला धामणगावमार्गे डोंगरात शिरली. गडाच्या उत्तरेला पोहोचायला १२ तारीख उजाडली. रस्ता नव्हताच. झाडं तोडत, दरडी फोडत तो करायचा आणि त्यावरून तोफा हातांनी ओढायच्या, असं दिवसरात्र चाललं. ओढणाऱ्यांत कितीतरी शिपाई याच देशाचे होते, त्यांची नावं कुठे लिहून ठेवलेली नाहीत. आजही या उतारांवर रिकाम्या हातांनी चालणाऱ्याला धाप लागते, तेव्हा त्या पाच दिवसांच्या कष्टांचा थोडा अंदाज येतो.

१३ तारखेला तोफा धडाडल्या. १५ ला बाहेरच्या तटाच्या खिंडारातून सैन्य आत घुसलं. आतला तट अजून शाबूत होता. कॅप्टन कॅम्पबेलची तुकडी शिड्या लावून तो चढली आणि दरवाजा उघडला गेला. किल्लेदार बेनीसिंग लढताना पडला. उत्तरेचा दिल्ली दरवाजा पाहायला जाणाऱ्याने त्याची आठवण जरूर ठेवावी; भोसल्यांची सत्ता डळमळत असतानाही त्याने जागा सोडली नाही.

दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, इंग्रजांशी देवगावचा तह झाला. वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड रघूजी भोसल्यांच्या हातून गेला. एवढ्या घामारक्ताने घेतलेला गाविलगड मात्र, अकोटजवळच्या नरनाळ्यासह, त्यांच्याकडेच राहिला.