सडक अर्जुनीची पाषाणभूमि

गोंदिया जिल्ह्यांत अर्जुनी नांवाचीं दोन गांवें आहेत. एक मोरगांव अर्जुनी, आणि नागपूर-रायपूर हमरस्त्यावरील ती सडक अर्जुनी. येथें येणारा प्रवासी नवेगांवचा तलाव अथवा नागझिऱ्याचें अरण्य पाहावयास निघालेला असतो. वाटेंतील दगडाकडे कोण पाहतो?

वस्तुतः या परिसरांत दगडच सर्वांत वडील. भूशास्त्रज्ञ ज्यास बस्तर भूखंड म्हणतात त्याच्या उत्तर कडेस हा मुलूख येतो, व येथील पुष्कळ खडक दोनशें कोटींहून अधिक वर्षांचे आहेत. कोहमाऱ्याच्या चौफुलीवरून उत्तरेस गोंदिया व पुढें बालाघाट लागतें. त्या दिशेस मध्य भारताचा प्रसिद्ध कर्तनपट्टा आहे. दोन प्राचीन भूखंड एकमेकांशीं भिडले व घासत सरकले, त्याची ही खूण.

अशा पट्ट्यांतील बारीक कणांच्या दगडास मायलोनाइट म्हणतात. हें नांव १८८५ सालीं चार्ल्स लॅपवर्थ या इंग्रज पंडितानें स्कॉटलंडांतील खडकांवरून दिलें. तें ग्रीक भाषेंतील गिरणीवाचक शब्दापासून बनलें आहे. व्युत्पत्तीचा मोह आम्हां संस्कृतवाल्यांस फार, परंतु येथें ती साफ फसविते! या दगडाचा ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप ध्रुवित प्रकाशांत सूक्ष्मदर्शकाखालीं धरला म्हणजे दळण्यापेक्षां मळण्याचाच प्रकार अधिक दिसतो. सुमारें ३०० अंश सेल्सिअसच्या पुढें गारगोटीचे कण न फुटतां ताणले जातात, फितीसारखे लांबतात आणि पुन्हा नव्या बारीक कणांत घडतात. फेल्स्पार मात्र हट्टी. त्यास याहून पुष्कळ अधिक उष्णता लागते. म्हणून मऊ कणकेंत राहिलेल्या गुठळीप्रमाणें तो डोळ्याच्या आकारानें उरतो, आणि दोन्ही बाजूंस त्याला शेपट्या फुटतात. त्या शेपट्या कोणीकडे वळल्या आहेत हें पाहून कोणता भूखंड कोणीकडे सरकला हें सांगतां येतें. अभ्रकाचे कणहि माशाच्या आकाराचे होऊन तीच साक्ष देतात.

ही झाली खोलवरची संथ हालचाल. वरच्या थरांत, जेथें खडक थंड व ठिसूळ, तेथें भूकंपाच्या वेळीं घर्षणानें दगड क्षणांत वितळतो आणि काळ्या शिरा मागें राहतात. विदर्भाच्या उत्तर सीमेवरील गाविलगड-तान पट्ट्यांत अशा शिरा सांपडल्या आहेत. म्हणजे तेथें पुरातन काळचे भूकंप दगडांत मुद्रित होऊन राहिले आहेत.

आपली भूमि अचल आहे असें आम्ही शाळेंत मुलांना शिकवीत असूं. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं किल्लारीनें तो पाठ खोडून काढला. पुढें २२ मे १९९७ रोजीं जबलपूर हादरलें. तें नर्मदेच्या कांठचें एका जुन्याच भेगेवरचें चलन होतें, आणि त्याचा उगम जमिनीखालीं सुमारें ३५ किलोमीटर खोल होता.