मुधोळची श्वानभूमि

मिरजेहून अथणीमार्गें जाणारी सडक कृष्णा ओलांडून जमखंडीच्या रोखानें वळली, म्हणजे प्रवाशाच्या कानांस भाषेचा पालट हळूहळू जाणवूं लागतो. दुकानांवरील पाट्या कानडी. परंतु आंतील शेटजी गिऱ्हाइकाचा चेहरा पाहून मराठींत भाव सांगतात, आणि तोच भाव शेजारच्यास कानडींत सांगतात. (दोन्ही भाव सारखेच असतात काय, हें दोन्ही भाषा जाणणाऱ्यानें सांगावें.) जमखंडी हें पटवर्धनांचें जुनें संस्थान. तें मागें टाकून आणखी थोडें दक्षिणेस गेलें, कीं घटप्रभेच्या कांठीं मुधोळ लागतें. एस्. टी.च्या खिडकींतून पाहिलें, तर गांव इतर दहा गांवांसारखेंच दिसतें. स्थानकावर चहाची टपरी, उसाच्या गाड्यांची रांग आणि सर्वत्र धुरळा.

हें घोरपड्यांचें ठिकाण. १६४८ सालीं शहाजीराजांस जिंजीपाशीं कैद करण्यांत पुढाकार घेणारे बाजी घोरपडे ते येथीलच. १६६४ सालीं शिवछत्रपतींनीं त्याचा हिशेब चुकता केला, हें इतिहासाच्या तासास आम्ही कितीदां तरी शिकविलें आहे. कानडी वाङ्मयांतील रन्न कवि, जो दहाव्या शतकांत होऊन गेला, त्याचीही जन्मभूमि हीच. १९४८ सालीं संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें, १९५६ च्या पुनर्रचनेंत तें म्हैसूर राज्यांत गेलें आणि आज तें कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यांत आहे. परंतु गंमत अशी, कीं आज परमुलखांत ‘मुधोळ’ म्हटलें, तर बहुतेकांस राजाही आठवत नाहीं, कविही आठवत नाहीं. आठवतें तें येथील कुत्रें! ज्या घराण्याचें आडनांवच घोरपडीवरून पडलें असें सांगतात, त्याची राजधानी दुसऱ्याच एका प्राण्याच्या नांवानें ओळखली जावी, हा योग मोठा चमत्कारिक खरा.

आमचे एक जुने विद्यार्थी जमखंडीस नोकरीनिमित्त स्थायिक आहेत. त्यांच्या ओळखीनें आम्ही मुधोळजवळच्या एका शेतकऱ्याच्या वस्तीवर गेलों. वस्तीवर चार कुत्रीं होतीं. एकही भुंकलें नाहीं. चौघेंही उठून उभीं राहिलीं, आमच्याकडे एकवार पाहिलें आणि मान वळवून दूर क्षितिजाकडे पाहूं लागलीं. आयुष्यभर वर्गांत शिरतांच साठ मुलें उठून उभीं राहिलेलीं पाहिलीं. पण इतक्या थंडपणानें आमची दखल कोणीं घेतली नव्हती.

या कुत्र्यांचा बांधा पाहण्यासारखा असतो. तोंड लांब व निमुळतें, छाती खोल, पोट पाठीला लागलेलें, पाय वेतासारखे. खांद्यापाशीं उंची सत्तर सेंटिमीटरच्या आसपास; परंतु वजन पाहावें तर पंचवीस किलोंच्या आगेंमागें. नवख्यास वाटतें, कीं बिचाऱ्यास खावयास मिळत नाहीं. आम्हीही तसें बोलून दाखविलें, तेव्हां घरधनीण हंसून म्हणाली, “मास्तर, हें खाऊन असंच. तुमच्यासारखं पोट सुटलं, तर तें मुधोळचं नव्हे!” ज्वारीची भाकरी ताकांत किंवा दुधांत कुस्करून घालावयाची, कधीं अंडें, हा त्यांचा नेहमींचा आहार. मूळचीं हीं मध्य किंवा पश्चिम आशियांतून तांड्यांबरोबर व फौजांबरोबर दख्खनेंत आलीं, असें मानतात. त्यावरूनच यांना ‘कारवानी’ हें नांव पडलें. अंगावर लांब रेशमी केंस असलेला प्रकार ‘पश्मी’ म्हणून ओळखतात. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनीं इंग्लंडच्या पंचम जॉर्ज बादशहास एक जोडी नजर केली, अशी हकीगत येथें प्रत्येकजण सांगतो. पुढें २००५ सालीं टपालाच्या तिकिटावर या कुत्र्याचें चित्र आलें, २०१६ सालीं कांहीं पिल्लें लष्करी शिक्षणासाठीं मेरठेस गेलीं, आणि २०२० सालीं पंतप्रधानांनीं आपल्या आकाशवाणीवरील भाषणांत यांचें नांव घेतलें. तेव्हांपासून शहरांतून पिल्लांसाठीं विचारणा फार वाढली, असें यजमान म्हणाले. जवळच तिम्मापूर येथें बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचें श्वानसंशोधन केंद्र आहे. जातीची शुद्धता राखण्याचें काम तेथें चालतें.

आतां आम्ही तेथें कां गेलों, तें सांगितलें पाहिजे. आमचे चिरंजीव पुण्यास तिसऱ्या मजल्यावरील सदनिकेंत राहतात. नात नऊ वर्षांची. तिनें मोबाइलवर या कुत्र्याच्या धांवण्याचें चित्र पाहिलें आणि तेव्हांपासून ‘मला मुधोळचें पिल्लू पाहिजे’ हा एकच जप चालविला. चिरंजीवांनीं आम्हांस लिहिलें, “आपण जवळ आहांत, जाऊन पाहून यावें; चांगलें वाटल्यास सांगून ठेवावें.” आमच्या कुटुंबाचा विरोध अर्थात् सोवळ्यावरून होता. “घरांत कुत्रें शिरलें, कीं मी काशीस जातें,” असें तिनें निक्षून सांगितलें. त्यावर नातीनें विचारलें, “आजी, देवघरांतल्या दत्ताजवळ चार आहेत, मग आपल्याकडे एक कां नको?” ते चार वेद आहेत, असें आजीनें सांगून पाहिलें, पण तसबिरींत शेपट्या स्पष्ट दिसत होत्या.

नातीचा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाहीं. आपल्या ग्रंथांनीं या प्राण्यास उंबऱ्याबाहेर ठेवलें हें खरें. पण कथेबाहेर ठेवलें नाहीं. पणींनीं लपविलेल्या गाईंचा माग काढणारी ऋग्वेदांतील सरमा ही देवांची कुत्रीच. महाभारताच्या आरंभींच जनमेजयाच्या भावांनीं सरमेच्या निरपराध पिलास मारलें, म्हणून ती राजास शाप देते. आणि त्याच ग्रंथाच्या शेवटीं धर्मराज एका कुत्र्यासाठीं स्वर्गाचा रथ नाकारतो. एवढ्या अफाट ग्रंथाच्या दोन्ही टोकांस एकेक कुत्रें बसलेलें आहे, याकडे आमचें लक्ष फार उशिरां गेलें. पाणिनीनें तर श्वन्, युवन् आणि मघवन्, म्हणजे कुत्रा, तरुण आणि साक्षात् इंद्र, हे तिघे एकाच सूत्रांत ओवले. वर्गांत हें सांगितलें, कीं मुलें खदखदां हंसत. विशेषतः मधल्या शब्दाला.

असो. यजमानांकडे आम्ही दोन दिवस राहिलों, तेवढ्यांत या जातीचे नाना छंद पाहावयास मिळाले. हीं कुत्रीं वासावर नव्हे, नजरेवर चालतात. दूर शेताच्या बांधावर कांहीं हललें, कीं धनुष्यापासून बाण सुटावा तसें सुटतात. आणि एकदां सुटलीं, कीं ‘बा, बा’ म्हणून कितीही हांका मारा, कान जणूं घरींच ठेवून गेलेलीं असतात. डोकें मानेपेक्षां अरुंद, म्हणून साधा पट्टा सहज निसटतो. रुंद पट्टाच लागतो. अंगावर चरबी नाहीं, त्यामुळें हाडें रुततात, आणि मऊ जागा दिसली कीं स्वारी तेथें. पहिल्या रात्रीं आमच्यासाठीं घातलेल्या गादीवर पहांटे आम्ही कांठावर होतों आणि मधोमध एक कुत्री पाय पसरून निजली होती! थंडीही यांना फार लागते. मोठ्यानें रागावलें, तर दिवसभर रुसून बसतात. परक्यानें डोक्यावर हात ठेवला, तर चावत नाहींत, पण मान काढून घेतात. घरच्या धाकट्या मुलाजवळ मात्र तींच कुत्रीं मांजरासारखीं लोळतात.

या बाबतींत यजमानांनीं बऱ्याच उपयोगी गोष्टी सांगितल्या. तीन महिन्यांच्या सुमारास पिसाळण्याविरुद्धची लस टोंचावी आणि पुढें दर वर्षीं चुकवूं नये. कांदा, बेदाणे, चॉकलेट हीं कुत्र्यास विषासमान. आपल्याकडे प्रसादाचे बेदाणे कौतुकानें पुढें टाकण्याची रीत आहे, म्हणून हें मुद्दाम लिहिलें.

दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं आम्ही त्यांच्याबरोबर माळावर गेलों. माळ म्हणजे काय, दोन उसाच्या फडांमधील उरलेली एक पट्टी! कालव्याचें पाणी आलें, ऊस आला, हातांत पैसा आला. त्याबद्दल कोणाची तक्रार नाहीं. परंतु पूर्वीं जेथें दृष्टि पोहोंचेल तेथवर ज्वारीची काळी रानें मोकळीं असत, तेथें आतां पुरुषभर उंचीच्या हिरव्या भिंती आहेत. नजरेवर जगणाऱ्या प्राण्यानें भिंतीकडे काय पाहावें? सशाची शिकारही १९७२ च्या कायद्यानें बंद झाली, आणि ती व्हावयास हवीच होती. ‘बेटे नायी’, म्हणजे शिकारी कुत्रें, हें नांव राहिलें. काम उरलें तें वस्ती राखण्याचें. तरीही यजमानांनीं सांखळी सोडली, तेव्हां त्या अरुंद पट्टींतून तीं चौघें जीं गेलीं, तीं पाहून आमच्या हातांतील काठी नकळत खालीं पडली. चारही पाय एकदम जमिनीवरून उचलले जातात, हें आम्ही प्रथमच पाहिलें.

परततांना आम्ही पिल्लाची गोष्ट काढली. सहा आठवड्यांचीं पांच पिल्लें गोठ्यांत होतीं. यजमानांनीं किंमत सांगितली नाहीं, उलट आम्हांसच विचारलें, “घर कसलं?” आम्ही सांगितलें. “धांवायला जागा?” आम्ही म्हणालों, “गच्ची नाहीं. गॅलरी आहे, चार फूट रुंद.” “दिवसां घरांत कोण?” कोणीच नाहीं, दोघें नोकरीस, नात शाळेंत. ते कांहीं वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, “मास्तर, पैसे देणारे पुष्कळ येतात, नि मी देतोंही. गेल्या वर्षीं एक असंच शहरांत दिलं. सहा महिन्यांनीं परत आणून सोडलं. सोफा फाडला म्हणे. तें अजून गाडीचा आवाज आला, कीं फाटकाशीं जाऊन बसतं.” त्यांनीं बोट दाखविलें. चौघांपैकीं जें सर्वांत दूर बसलें होतें, तेंच तें.

आम्ही पिल्लू सांगून ठेवलें नाहीं. चिरंजीवांस पत्रानें सर्व कळविलें; त्यांनाही तें पटलें. कुटुंबानें आमचीं धोतरें दारांतच उतरवून घेतलीं, तरी तें फाटकाशीं बसणारें कुत्रें जेवतें का, हें तिनें दोनदां विचारलें. नात मात्र आमच्याशीं टेलिफोनवर बोलत नाहीं. दिवाळीच्या सुटींत तिला मुधोळास घेऊन जाण्याचें ठरलें आहे. यजमानांनीं तोंवर एका पिल्लाचें नांव ठेवावयाचें राखून ठेवलें आहे.