नंदादीपाचे तेल

देवळाच्या ज्या वस्तूंची गणना पूजासाहित्यात होत नाही, त्यांची आठवण बहुधा त्या बिघडल्यावरच होते. आदिलाबाद जिल्ह्यातील आमच्या गावच्या विठ्ठलमंदिराच्या कोठीत अशीच एक वस्तू आहे: लांब दांड्याची विजेची करवत. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत किनवट पलीकडे गेले, आम्ही अलीकडे राहिलो. आषाढीचा गजर मात्र सीमेच्या दोन्ही अंगांना सारखाच चालतो. त्या गजरासाठी सभामंडप निर्धोक ठेवणे हे माझ्याकडचे काम.

मंडपावर एक जुना कडुनिंब झुकला आहे. पूर्वी त्याच्या फांद्या गावचा एक गडी वर चढून तोडीत असे. एका ज्येष्ठात तो फांदीसकट खाली आला. प्राण वाचले, पाय मात्र कायमचा अधू झाला. देवाच्या कामासाठी यापुढे कोणालाही झाडावर चढवायचे नाही, असे ठरवून आम्ही ही करवत आणली.

गेल्या वर्षी ऐन आषाढीच्या तोंडावर ती अडली. मोटार घरघरे, साखळी अडखळत फिरे आणि पात्यातून धूर निघे. मी दोष विजेच्या दाबाला दिला. लांब, बारीक वायरीतून दाब पडतो हे खरेच; म्हणून जाड वायर आणली. धूर तसाच राहिला. तेवढ्यात एका तरुणाने वहाणा काढून ठेवल्या. “काका, मीच चढतो.” तो त्याच गड्याचा मुलगा होता. पारावर बसलेला बाप काहीच बोलला नाही; त्याने केवळ माझ्याकडे पाहिले. ती नजर मला अद्याप विसरता येत नाही.

मी मुलाला थांबवले आणि यंत्रापुढे नव्याने बसलो. साखळीला तेल पोचते की नाही हे पाहण्याची एक सोपी खूण आहे: पात्याचे टोक कोऱ्या कागदासमोर धरून करवत क्षणभर चालवावी, कागदावर तेलाची रेघ उमटली पाहिजे. आमचा कागद कोराच राहिला. तेलाची टाकी तर भरलेली होती! झाकण उघडताच ओळखीचा वास आला.

“गुरुजी, यात कोणते तेल घातले?”

“नंदादीपाचे उरले होते, जवसाचे. देवाचेच काम ना हे?”

भाव निर्मळ होता. पण जवसाचे तेल हवेत वाळून घट्ट होते. त्याचाच डिंक होऊन पात्याचे तेलाचे भोक बुजले होते. प्रथम वायर काढून ठेवली. मग साखळी उतरवली, पात्याची खाच खरवडली, भोक बारीक तारेने मोकळे केले, टाकी पुसून तिच्यात साखळीचे तेल भरले. पाते एकाच बाजूने झिजू नये म्हणून उलटे बसवले. वरच्या कडेवरील दात टोकाकडे तोंड करून आहेत हे पाहिले. साखळी खाली ओढून सोडताच परत चिकटावी आणि हातमोजा घातलेल्या हाताने सहज सरकावी, इतकाच ताण ठेवला.

या साखळीच्या दातांची कल्पना जोसेफ कॉक्स या अमेरिकन लाकूडतोड्याला 1946 साली लाकूड पोखरणाऱ्या अळीचे जबडे पाहून सुचली. अळीला तिचे दात घासावे लागत नाहीत, आपल्याला लागतात. करवत लाकडाच्या चिपा न काढता पीठ पाडू लागली की दात बोथट झाले म्हणून समजावे. गोल कानस आतून बाहेर, प्रत्येक दाताला सारख्याच वेळा फिरवावी. नाहीतर काप एका बाजूला वळतो.

दुसऱ्या दिवशी फांदी उतरली. प्रथम खालून थोडा काप, मग जरा पुढे वरून, शेवटी उरलेला खुंट. त्यामुळे साल सोलत नाही. धातूचा दांडा वीज वाहून नेतो, म्हणून तारांपासून दहा फुटांच्या आतल्या फांद्या आम्ही वीजखात्यावर सोपवल्या. करवत त्या मुलानेच धरली होती. जमिनीवर, फांदीच्या सावलीबाहेर उभे राहून. बाप पारावरून पाहत होता.

आता कोठीत तेलाचे दोन डबे वेगवेगळ्या फळ्यांवर आहेत. करवत बाहेर निघाली की गुरुजी स्वतः कोरा कागद घेऊन येतात आणि विचारतात, “रेघ उमटली का?”