मनीतली मनी

गेल्या पावसाळ्यात तिसरीच्या मुलांना मी 'आमचे घर' हा निबंध लिहायला दिला होता. एका मुलीने लिहिलं, ''पावसात आमची मनी गळते.'' मी तांबड्या पेनाने 'मनी'भोवती गोल काढला आणि मोठ्याने विचारलं, ''अगं, मांजर कशी गळेल?'' सगळा वर्ग खो-खो हसला. ती मात्र मान खाली घालून बसली.

संध्याकाळी भाकऱ्या थापताना एकदम लक्षात आलं. तिची आई धारवाडकडची. पुस्तकातल्या कन्नडात घर म्हणजे 'मने', पण तिकडे बोलताना 'मनी'च म्हणतात. मी खानापूर तालुक्यातच वाढलेली, कन्नड मला चांगलं येतं. तरीही मराठीच्या वहीत कन्नड शब्द दिसला की ती चूक, एवढंच माझ्या हाताला ठाऊक. पोरीचं घर खरंच गळत होतं आणि मी ते वाचलंच नव्हतं!

त्यानंतर ती निबंधात चारच ओळी लिहू लागली. त्यांत चूक नसायची, पण तीही नसायची.

त्याच सुमारास भाच्याने मला 'स्टोरीवीव्हर' दाखवलं. बेंगळुरूच्या प्रथम बुक्सने २०१५ साली सुरू केलेलं हे मुलांच्या गोष्टींचं संकेतस्थळ. मराठी, कन्नड आणि इतर कितीतरी भाषांतल्या गोष्टी तिथं फुकट वाचता येतात. मला आवडलं ते मात्र वेगळंच. तिथली चित्रं घेऊन आपली स्वतःची गोष्ट रचता येते. भाषांतर करायचं असेल तर मूळ पान समोर दिसतं आणि शेजारी आपल्यासाठी कोरी जागा.

शाळेत लॅपटॉप एकच आणि रेंज फक्त खिडकीपाशी. चार-चार मुलांचे गट केले. पहिल्या दिवशी पोरं नुसती चित्रंच बघत बसली, तास संपला. दुसऱ्या दिवसापासून नियम केला : चित्रं निवडायची, गोष्ट आधी वहीत लिहायची, मगच लॅपटॉप. लॉगिन माझं, आणि मुलांची पूर्ण नावं टाकायची नाहीत.

तिने पावसातलं घर आणि एक मांजर निवडलं. गोष्टीला नाव दिलं, 'मनीतली मनी'. ''बाई, घरातलं मांजर!'' ती म्हणाली. वर्ग पुन्हा हसला, पण या वेळी तिच्याबरोबर.

आता कन्नड गोष्ट हवी होती. तिच्या आईची आई त्यांच्याकडेच राहते. शनिवारी शाळा सुटताना त्या नातीला न्यायला आल्या, तेव्हा मी मोबाईल पुढे केला. ''हेळ्री अज्जी!'' बोललेलं मराठी-कन्नड टाइप करणारी सोय फोनवर आहे, पण अज्जींचं 'मन्याग' त्याला काही उमगेना. तो भलतंच लिही. शेवटी एकेक अक्षर मीच टाइप केलं.

अडलं ते नावापाशी. कन्नडात मांजर म्हणजे 'बेक्कु'. ''मग गंमतच गेली,'' पोरगी हिरमुसली. अज्जींनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, ''मांजराचं नावच मनी ठेव की!'' झालं, 'मन्याग मनी'. इतकी वर्षं दोन्ही भाषा शिकून मला जे सुचलं नसतं, ते शाळेची पायरी न चढलेल्या बाईंना सुचलं.

दोन्ही गोष्टी छापून घरी दिल्या. छपरावर ताडपत्री होती, तिच्यावर दगड ठेवलेले. आत नात अज्जींना त्यांचीच वाक्यं वाचून दाखवत होती आणि अज्जी मध्येच थांबवून विचारत होत्या, ''हे मीच म्हटलं होतं?''

गोष्ट लॅपटॉपवर नसती केली तरी चाललं असतं, असं कुणी म्हणेल. खरं आहे. पण शेजारची ती कोरी जागा पाहिली नसती, तर त्या पोरीची दुसरी भाषा कुठं लिहायची हा प्रश्न मला पडलाच नसता.

तांबडं पेन मी अजून वापरते. फक्त अनोळखी शब्दाभोवती गोल काढण्याआधी विचारते, ''हा तुमच्या घरी कुणाचा शब्द?''

बहुतेक वेळा उत्तर येतं, ''अज्जीचा.''